वरणाच्या गंजातला पाहुणा

"अहो! काढा याले! आत्ताच्या आत्ता काढा, नाहीतर मी माहेरी चालली!"

बायकोचं माहेर रायपुरातच, बूढापाऱ्यात, म्हणजे आमच्या घरापासून स्कूटरची किक मारून गाडी गरम होईस्तोवर येऊन जातं. त्यामुळे ही धमकी मी फारशी मनावर घेत नसे. पण त्या रविवारी सकाळी ती ही धमकी स्वयंपाकघराच्या ओट्यावर उभी राहून देत होती, एका हातात लाटणं आणि दुसऱ्या हातात कणकेचा गोळा घेऊन. आमचा ओटा असा होता की त्यावर भरलेला कुकर ठेवतानाही मी आधी देवाचं नाव घ्यायचो. म्हणून धावत गेलो.

माठाच्या तिवईखाली बेडूक बसला होता.

बेडूक कसला, बदली होऊन आलेला ठाणेदार! पोट सुटलेलं, मान गायब, डोळ्यांवर अर्धी पापणी, आणि चेहऱ्यावर भाव असा की आम्हीच त्याच्या घरात शिरलोय. पुढं ही गोष्ट मी जिथं जिथं सांगितली तिथं तिथं त्याचा आकार वाढत गेला. अभनपूरला एका लग्नात तर तो जवळजवळ बोकडाएवढा झाला होता आणि व्याहीमंडळींनी मान्यही केला होता. इथं खरं ते लिहितो, तो माझ्या तळहाताएवढा होता. पण माझा तळहात मोठा आहे.

शुद्ध मराठीत ज्याला भेक म्हणतात तो हा. अंगभर चामखिळी, रंग मातीचा, उड्या मारण्यापेक्षा चालत जाणं आणि पाण्यापेक्षा ओलसर आडोसा पसंत करणारा. आमच्या वऱ्हाडात मात्र सारे बेंडकंच, त्यात जातपात नाही. ही समदृष्टीच पुढं मला नडली.

तो घरात आला याला कारणही मीच. रायपूरचा मे महिना. खिडकीत कूलर, कूलरखाली विटा, विटांवर टपटप पाणी गळून तयार झालेला हिरवा ओला पट्टा. साऱ्या मोहल्ल्यात तेवढीच जागा थंड होती, बाकी रायपूर म्हणजे पोळ्या टाकायचा तवा. त्या पट्ट्यावर तो राहायचा. आणि त्या सकाळी मला सफाईचा झटका आला. वाळ्याच्या ताट्या काढून उन्हात टाकल्या, टाकी खरवडली, विटा उचलून खालची फरशी पुसली, हिरवळ घासून काढली. पाहुण्याचा बिछानाच उचलला मी. तो बिचारा ओल शोधत मोरीतून आत आला आणि माठाखाली बसला.

पाहुणा हा शब्द मी उगाच वापरत नाही. त्याचं असं झालं होतं.

राज्य नवीन, राजधानी नवीन, आमचं ऑफिसही नवीन. जुनी होती ती फक्त इमारत. भाड्याची, आधी तिथं हाडांचा दवाखाना होता. माझं टेबल जिथं मांडलं तिथं पूर्वी प्लास्टर चढवत असावेत, कारण तिथं आलेली फाइल महिना महिना हलत नसे. तर या ऑफिसात मी नागपूरहून बदलून आलो. बायको रायपूरचीच, तिला आनंदाचं भरतं आलं. आणि मुलगी, जी येताना चांगली घडाघडा मराठी बोलायची, ती वर्षभरात पार हिंदी झाली. मराठी समजायची सगळी. "बेटा, चप्पल घाल" म्हटलं की चप्पल घालायची. पण उत्तर यायचं, "पहन तो रही हूँ ना।"

मला त्याचं एवढं काही वाटलं नसतं. वाटायचं ते माझ्या आईला. ती तिकडं गावी, आणि दर रविवारी संध्याकाळी आमचा तिला फोन. तिला हिंदी समजत नव्हती असं नाही. पण स्वतःच्या नातीशी हिंदीत बोलणं म्हणजे तिच्या लेखी नातीला शेजारच्या घरी जेवायला बसवणं. ती विचारायची, "जेवली का व माय?" पोरगी म्हणायची, "हाँ, खा लिया।" मग आई म्हणायची, "दे बाप्पा, तुह्या बापाले फोन दे." एकदा मला म्हणाली, "तुह्या पोट्टीले मी पराई झाली रे."

आणि मग होळीनंतर चमत्कार झाला. पोरगी फोनवर मराठी बोलायला लागली. "आजी, तुझी गाय व्याली का? मले खरवस पाहिजे." पलीकडे आई रडत होती की हसत होती कळेना. रविवारचा तो फोन इतका लांबायला लागला की मला माझ्याच आईशी बोलायला मिळेना.

याचं श्रेय मी घेतलं. घेणारच! मी घरात नियम केला होता की जेवताना हिंदीत मागेल त्याला दुसरी पोळी नाही. नियम दोन दिवस टिकला, त्यातही उपाशी मीच राहिलो. पण मराठी मंडळी जमली की मी छाती ठोकून सांगायचो, "घरात शिस्त पाहिजे, शिस्त!" आणि ज्यांची पोरं "अंकल नमस्ते" म्हणत पळायची ते बिचारे माना डोलवायचे.

खरा शिक्षक कूलरखाली बसला होता. होळीनंतर कूलर लावला त्या दिवशी विटांवर तो दिसला आणि पोरगी घाबरून मला चिकटली. मी काय म्हणावं? थाप मारताना माझी जीभ मला कधी विचारत नाही. म्हटलं, "घाबरू नको व. हा आजीच्या रांजणाखालचा पाव्हणा हाय. सामानाच्या ट्रकमधे आपल्या उखळात बसून आला. नाक्यावर शिपायानं हिंदीत नाव विचारलं तर हा चूप. काहून? याले हिंदी येतच नाही. मराठीत बोललं तरच ऐकते." एवढं सांगून मी चहा प्यायलो आणि विसरलो. दिवसाला अशा थापा मी ढिगानं मारतो. कोणती कुठं रुजली हे पाहत बसलो तर नोकरी कधी करू?

पण पोरगी विसरली नव्हती. रोज संध्याकाळी कूलरपाशी उकिडवी बसून ती त्या पाहुण्याला सगळं सांगायची. शाळा, मैत्रीण, कोणी कोणाचं रबर चोरलं. मराठी शब्द अडला की आत पळत येऊन आईला विचारायची आणि परत जायची. रविवारी आजीला जे सांगायचं ते आधी त्याला सांगून पाहायची. बायकोला वाटायचं, बाहुलीशी खेळते. हे सारं आम्हाला त्या रविवारीच कळलं, पण दुपारनंतर. सकाळी मी काय उचलतोय हे मला माहीत नव्हतं. तुम्हाला आधीच सांगून ठेवलं, म्हणजे निदान तुम्ही तरी माझ्यासोबत हसणार नाही.

पोरगी शनिवारपासून आजोळी, बूढापाऱ्यात होती. घरात आम्ही दोघं आणि तो.

"झाडूनं मारा त्याले!" ओट्यावरून हुकूम.

"मारायचं नाही," मी म्हटलं. "जीव हाय तो. इज्जतीनं काढू." आणि अहिंसेवर मी असं भाषण दिलं की बेडकानं दोन्ही डोळे मिटून घेतले. हाताला आलेलं पहिलं भांडं उचललं.

"तो गंज नका घेऊ! वरणाचा आहे तो!"

पण वीरपुरुष एकदा निघाला की भांडी निवडत नाही. गंज त्याच्यावर पालथा घातला, खालून गोल बाजारातल्या दुकानाच्या साडीच्या खोक्याचं झाकण हळूहळू सरकवलं आणि अलगद उलटा केला. आत त्यानं अंग फुगवून पोळ्यांच्या डब्याएवढं केलं आणि माझ्या मनगटावर, काय सांगू, आपला निषेध नोंदवला. मी ओला पंचा गंजाच्या तोंडाला बांधला.

"मागच्या अंगणात नका सोडू," बायको खाली उतरत म्हणाली. "कल फिर आ जाएगा. तलावावर सोडा."

हे आम्हा दोघांनाही अगदी शहाणपणाचं वाटलं. बेडूक म्हणजे पाण्याचा, पाणी म्हणजे तलाव, आणि बूढा तलाव सासुरवाडीच्या वाटेवर. पोरीलाही आणायचं होतंच. मी दारातून निघालो तर बायको मागून आली, पंचाची गाठ जरा सैल केली आणि कणकेचा एक बारका गोळा आत टाकला. "घरून उपाशी नको जायला कोणी," म्हणाली. आत्ताच झाडूनं मारा म्हणत होती तीच ही बाई.

गंज स्कूटरवर पायांमधे ठेवला. चौकात गाडी थांबली तर बाजूच्या सायकलवाल्यानं विचारलं, "भैया, दाल ले जा रहे हो क्या?"

"हव."

"हिल रही है।"

"पतली है।"

इथवरचं मी पुढं शंभर वेळा सांगितलं. तलावावर जे झालं ते मात्र कधी सांगितलं नाही.

सकाळ म्हणता म्हणता ऊन चढलं होतं. घाटाच्या पायरीवर मी गंज आडवा केला. तो बाहेर आला, पायरीला पोट टेकलं आणि चटका बसल्यासारखा उलटा फिरून पंचावर जाऊन बसला. मी पंचा ओढला. तो गंजाकडे चालायला लागला. उडी नाही, चाल, म्हाताऱ्या माणसासारखी. मी चपलेच्या टोकानं त्याला पाण्यात लोटलं. म्हटलं, पाण्याचा जीव, खूश होईल. तो कसेबसे हातपाय मारत परत पायरीला लागला, वर चढला आणि पुन्हा गंजाकडे. पुन्हा लोटला. पुन्हा आला. शेवटी मी गंजच उचलून घेतला. जिथं गंज होता त्या जागेवर तो बसून राहिला. मी स्कूटर सुरू केली. मागं वळून पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर दिसलं असतं.

सासुरवाडीला पोचेस्तोवर माझी जीभ ताळ्यावर आली होती. सासूबाईंनी पन्हं दिलं आणि मी सुरू झालो. गंज कसा हादरला, बायको ओट्यावरून पंख्याला कशी लटकली, बेडकानं तलावात उडी मारली तर पलीकडच्या काठावर धुतलेले कपडे कसे भिजले, आणि जाताना वळून त्यानं हात कसे जोडले. "म्हणाला, साहेब, वरण आळणी होतं, पण प्रेम पोचलं!"

सासरेबुवांना ठसका लागला. सासूबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "जवाईबापू, तुमच्या तोंडाले टाळं लावणारं कोणी जन्मलं नाही!"

पोरगी खाली बसून आंबा चोखत होती. हात कोपरापर्यंत पिवळे. ती चोखायची थांबली.

"पप्पा, तो आपला पाव्हणा होता?"

"अग बाई!" सासूबाईंनी टाळीच वाजवली. "ऐकलं का? मराठी बोलली पोट्टी!"

सगळे खूश. "अजून बोल, अजून बोल" सुरू झालं. पोरगी कोणाकडे पाहत नव्हती. माझ्याकडेच पाहत होती.

"त्याले हिंदी येत नाही ना पप्पा. तलावावर त्याच्याशी कोण बोलन?"

होळीनंतरची ती थाप तेव्हा मला आठवली. उखळ, ट्रक, शिपाई, सगळं. ऑफिसात साहेबांसमोर, ट्रेनमधे टीसीसमोर, कुठंही न अडलेली माझी जीभ इथंही सुटली, आणि सुटली ती सवयीनं सुटली.

"नाही व, तो दुसरा होता. आपला तर कूलरखालीच हाय."

"खरं?"

"खरं."

तिनं परत आंबा तोंडात घातला. मी पन्ह्याचा पेला तसाच खाली ठेवला. "तू संध्याकाळपर्यंत राहा," म्हटलं, "मले ऑफिसचं काम हाय," आणि निघालो.

तलावावर आधी गेलो. पायरी रिकामी. कणकेचा गोळा तेवढा पडला होता, वाळून खडा झालेला. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती गंज चिंचेनं घासत होती, तशीच थांबली.

"म्हणून ती मला विचारायची," म्हणाली, "आई, 'रूठ गई'ला काय म्हणतात, आई, 'छिपकली'ला काय म्हणतात. मी सांगायची नि चपात्या लाटायची." मग चिंच बाजूला ठेवत, "मी कशाले एवढी ओरडली हो?"

"तू ओरडली नसती तरी कूलर मीच धुतला ना."

"ते काही नाही. जा, घेऊन या. तोच आणा."

"तोच कसा ओळखू?"

"वा! माझ्या माहेरी घंटाभर त्याचंच वर्णन करून आलात ना?"

घासलेला गंज तिनं स्वतःच माझ्या हातात दिला.

ऊन उतरल्यावर मी पुन्हा तलावावर. ज्या पायरीवर त्याला सोडलं तिथून पाण्याच्या काठाकाठानं वाकून पाहत चाललो. खळगे, कपारी, नारळाच्या करवंट्या, फुलांचं निर्माल्य. आणि हळूच, आजूबाजूला कोणी नाही पाहून, म्हटलं, "पाव्हण्या, चल रे बाप्पा घरी." माझ्याच थापेवर माझा विश्वास बसला होता. मराठीत बोललं तरच ऐकते!

"क्या ढूँढ रहे हो भैया?" फिरायला आलेल्या एका माणसानं विचारलं.

"चश्मा."

तो वाकला. त्याची बायको वाकली. मागून चार जण आले, तेही वाकले. घाटभर माणसं माझा चष्मा शोधू लागली. रायपूरची माणसं अशी, की नाही म्हटलं तरी मदत करतात. शेवटी एका दीदीनं मान वर केली.

"भैया, चश्मा तो आप पहने हो।"

"वो दूरवाला है। नज़दीकवाला गिरा है।"

"तो ये डेकची काहे को लाए हो?"

मी हसलो आणि सटकलो. तो सापडला नाही. सापडला असता तरी कोणत्या तोंडानं "चल" म्हटलं असतं कोण जाणे. चपलेच्या ज्या टोकानं लोटलं ते माझ्याच पायात होतं.

परतताना बागेच्या गळक्या नळाखाली एक बसलेला दिसला. चामखिळी तशाच, पापणी तशीच अर्धी. तळहात जवळ धरून पाहिला. जरा कमी भरत होता, दुखण्यातून उठल्यासारखा. दुपारभर उन्हात राहिला, झटकला असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि गंज पालथा घातला. हा फुगलाही नाही. मुकाट्यानं आला.

कूलरमधे पाणी भरलं, ताट्या बसवल्या, विटा होत्या तशा रचल्या. हिरवळ मात्र कुठून आणणार? त्याला विटेवर ठेवलं आणि पोरीला घेऊन आलो. ती चप्पल न काढता सरळ कूलरपाशी गेली. आम्ही दोघं पडद्याआड. चोर असेच उभे राहत असतील.

"पाव्हण्या," ती म्हणाली, "पप्पा म्हणे, दुसरा होता. मी भेली होती." मग आंब्याचं सांगितलं. सासूबाईंच्या मांजरीचं सांगितलं. मग थांबली. वाट पाहिली. त्यानं विटेवर गोल फिरून तिच्याकडे पाठ केली. ती उठून दुसऱ्या बाजूला गेली, उकिडवी बसली आणि बराच वेळ त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. मग आत येऊन हात धुतले.

फोन लागला. मी रिसीव्हर तिच्या कानाला लावला. पलीकडून आईचा आवाज साऱ्या खोलीत ऐकू येत होता, ती गावाहून फोनवर बोलते ते फोनशिवायही पोचावं असं.

"काय व माय, काय केलं आज?"

"कुछ नहीं।"

"आजोळी गेली होती म्हणे? आंबे खाल्ले का?"

"हाँ।"

"आणि तुह्या पाव्हण्याचं काय म्हणणं हाय? मागच्या बारीले म्हणे तो रुसला होता."

तर आईला सगळं माहीत होतं. दोन महिने ती फोनवर रांजणाखालच्या बेडकाची खुशाली विचारत होती, आणि मला वाटायचं दोघी गाईगुरांच्या गोष्टी करतात.

"ठीक है," पोरगी म्हणाली आणि रिसीव्हर माझ्याकडे सरकवला.

"काय झालं रे पोट्टीले?" आईनं विचारलं.

"घसा बसला तिचा. लय आंबे खाल्ले."

"मंग हळद-दूध दे," आई म्हणाली. आणि नेहमीचं "ठेवतो बाप्पा" न म्हणता तिनं फोन ठेवला.

बायको दारात उभी होती. माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली. मी पोरीजवळ जाऊन खाली बसलो. कूलरचं पाणी पुन्हा टपटपायला लागलं होतं आणि तो विटेवर बसून होता, गुपचूप, कोणाचा कोण.

"काहून व बेटा, आजीशी मराठीत बोलली काहून नाही? पाव्हणा ऐकून राहिला असन ना."

"ये वाला यहीं का है, पापा," ती म्हणाली. "इसको मराठी नहीं आती।"